माणसं कामावर आहेत, डोकं घरी आहे. काय करायचं?

टाईमऑफिस · १३ जून २०२१, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये टाईम ऑफिस आणि एचआर अशी दोन्ही खाती माझ्याकडे आहेत. शंभराच्या आतबाहेर माणसं, त्यामुळे एचआर म्हणजे हजेरी, पगार, कँटीन, ईएसआय (कामगार विमा) आणि रुसवेफुगवे. साहेबांचं फर्मान आलंय, की प्रॉडक्शन घसरलंय, 'स्ट्रेस मॅनेजमेंट'वर एक ऑनलाइन सेशन ठेवा. सेशन ठेवायला माझी ना नाही. तासभर प्राणायाम होईल, पाळी सुटल्यावर लोक मोबाइल तिरके धरून बसतील, फोटो निघतील, ग्रुपवर पडतील. पण दुसऱ्या दिवशी काय?

परिस्थिती तुम्हाला माहीतच आहे. बाकीचे जिल्हे उघडायला लागले आणि आपण कोविड निर्बंधांच्या चौथ्या स्तरात अडकलोय. निम्म्या घरांत कोणी ना कोणी आजारी. जे कामावर येतात ते येतात म्हणून चांगलं, पण परवा सेकंड शिफ्टला राऊंड मारला तेव्हा एक गोष्ट बघितली. सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) आमचा एक जुना ऑपरेटर आहे, हात इतका बसलेला की नवीन पोरं त्याच्याकडून शिकतात. तो बोअर, म्हणजे जॉबमधलं भोक, मापत होता. गेज आत घातला, डायल बघितला, काढला, फडक्याने पुसला, परत घातला. तोच जॉब, तिसऱ्यांदा. मी विचारलं, "काय ओ, सेटिंग हाललंय काय?" तर म्हणाला, "सेटिंग ठीक हाय मॅडम, मलाच माझा भरवसा वाटंना झालाय." घरी आई ऑक्सिजनवर. क्वालिटीवाले रिजेक्शनचं कारण मशीनमध्ये शोधतायत.

दुसरा तिढा मोबाइलचा. शॉपवर मोबाइल लॉकरमध्ये, हा जुना नियम आणि सेफ्टीच्या दृष्टीने बरोबरच. पण आता प्रत्येकाचा एक कान घराकडे. बाथरूमच्या फेऱ्या वाढल्यात, त्या कशासाठी ते सगळ्यांना कळतं.

तर प्रश्न असा, की तुमच्या कामाच्या जागी नक्की कशाने फरक पडला? थिअरी नको, केलेलं सांगा. आणि कृपा करून 'सकारात्मक राहा' एवढं लिहू नका.

भावड्या_मंगळवारपेठ · १३ जून, रात्री ९:५२

सकारात्मक राहा.

(पळतोय.)

फेटलिंगवाला · १३ जून, रात्री १०:३०

ताई, धागा अगदी वेळेवर काढलात. मी शिरोलीत फौंड्रीला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात आहे. आमच्याकडचा ताण दोन प्रकारचा, आधी शरीराचा सांगतो. भट्टीजवळ मास्क लावून उभं राहून बघा एकदा. पोअरिंग (वितळलेला धातू ओतणं) चालू असताना चष्म्यावर वाफ धरते. मग माणूस एक तर मास्क खाली ओढतो, नाही तर गॉगल काढतो. दोन्ही धोक्याचं. सुपरवायझर ओरडतो, माणूस चिडतो, आणि सगळे म्हणतात 'लोकांचं डोकं फिरलंय'. डोकं फिरलेलं नसतं ओ, श्वास कोंडलेला असतो. आम्ही एकच केलं. प्रत्येक हीट (भट्टीचा एक घाणा) झाली, की पोअरिंगची माणसं शेडच्या बाहेर. लांब लांब उभी राहायची, मास्क काढायचा, पाणी प्यायचं, मग आत. मॅनेजर म्हणाले टनेज पडणार. पडलं नाही. हाणामाऱ्या मात्र बंद झाल्या.

दुसरा ताण रिकाम्या हाताचा. एप्रिलच्या शेवटी कारखान्यांचा ऑक्सिजन बंद करून दवाखान्यांकडे वळवला. ते बरोबरच होतं, त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही. पण रायझर (ओतलेल्या जॉबवर उरलेला जादा धातू) कापायला आमच्याकडे गॅस कटिंग, ते थांबलं. कटिंगवाले चौघे नुसते बसून. काम जास्त असलं तर माणूस शिव्या देतो, काम नसलं तर तो गप्प होतो, आणि गप्प झालेला माणूस मला जास्त जड गेला. त्यांना वाटायचं, माणसं कमी करायच्या पुढच्या यादीत नाव आपलंच. शेवटी त्यांना ग्राइंडरवर आणि पॅटर्न स्टोअर (साच्याचे नमुने ठेवायची खोली) लावायला घातलं. पॅटर्न स्टोअर इतकं नीट कधीच लागलं नव्हतं.

रेंजशोधक_पाटील · १३ जून, रात्री ११:१५

मी आयटीवाला. हिंजवडीतनं गेल्या वर्षी गावी आलो, भुदरगड तालुका. फौंड्रीपुढे आमचं दुःख काय सांगायचं, तरी सांगतो.

घरात हाय म्हणजे रिकामा हाय, असं गावाचं गणित. मीटिंग चालू असताना आज्जी म्हणते, "जरा वैरण टाकून ये की, बसूनच हाईस." आणि तिकडे मॅनेजरचं गणित, की घरात आहेस म्हणजे रात्री अकरालाही आहेस. दोन्हीकडून सापडलो. सकाळी डोळे उघडल्यापासून लॅपटॉप, झोपतानाही उशाला. रेंज फक्त माळवदावर, म्हणून पावसाळ्यात छत्री धरून कॉल. (हसू नका, फोटो आहे.)

मला सोडवलं दूध डेअरीनं. खरंच. सकाळचं संकलन आणि संध्याकाळचं संकलन, ह्या वेळा कुणाच्या बापाला चुकत नाहीत. मी ठरवलं, सकाळी दूध घालून आल्यावरच लॉगइन आणि संध्याकाळी किटली उचलली की लॅपटॉप बंद. मॅनेजरला सांगितलं, "त्या वेळेला रेंज नसते." तसं खोटं नाही, डेअरीत रेंज नसतेच. पहिला आठवडा कुरकुर झाली, नंतर टीमने मीटिंगांच्या वेळाच बदलल्या. काम तेवढंच होतंय, रडतखडत होत नाही एवढंच.

अजून एक, कॅमेरा बंद ठेवायची मुभा मागून घ्या. स्टॅनफर्डच्या एका संशोधकाने ह्याच फेब्रुवारीत लिहिलंय की व्हिडिओ कॉलवर थकवा का येतो. सतत समोर चेहरे रोखून बघतायत, त्यात स्वतःचंही तोंड दिसतंय, हलता येत नाही, आणि मान डोलावली तरी ती समोरच्याला दिसेल अशी डोलवायची. दिवसभर आरशासमोर बसवल्यासारखं.

जुनाजाणता · १४ जून, सकाळी ६:२०

हल्लीच्या पिढीला सगळ्याचाच ताण. प्लेगच्या साथीत आमचे पणजोबा गाव सोडून माळावर झोपडी घालून राहिले. कोणी सेशन घेतलं नव्हतं.

भावड्या_मंगळवारपेठ · १४ जून, सकाळी ८:०५

काका, झोपडीत असताना पणजोबांना कोणी टार्गेट विचारत नव्हतं की ओ.

लेथ_आणि_हप्ते · १४ जून, दुपारी १:१०

सगळं वाचलं. कामगाराचा ताण, आयटीचा ताण. आता मालकाचं ऐका. उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल, पोरं मोजकी. गेल्या वर्षी मार्च ते ऑगस्ट बँकेने हप्ते पुढे ढकलले, व्याज मात्र चालूच राहिलं. परप्रांतीय पोरं गेल्या मेमध्ये श्रमिक रेल्वेने गेली, निम्मी परत आली, ह्या एप्रिलला परत गेली. मोठ्या कंपनीला माल देऊन बसलोय. कायद्याने लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यायचं असतं, पण विचारायला गेलं की पुढची ऑर्डर दुसऱ्याला. आणि इथे तुम्ही म्हणताय, माणसांना बाहेर उभं करा, पाणी द्या. आम्हाला कोण पाणी देतंय? रात्री तीनला जाग येते आणि छताकडे बघत हिशेब करतो. बायकोला सांगत नाही, ती ऑलरेडी काळजीत.

राग तुमच्यावर नाही ताई. सोमवार आहे, सुट्टी आहे, म्हणून लिहायला वेळ मिळाला इतकंच.

टाईमऑफिस · १४ जून, दुपारी ३:००

दादा, राग आलाच नाही. उलट तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, एरवी मालक मंडळी अशा धाग्यावर येत नाहीत. एक विचारू? तुमच्या पोरांना माहीत आहे का, की पुढच्या महिन्याचं काम हातात आहे की नाही?

लेथ_आणि_हप्ते · १४ जून, दुपारी ३:२५

नाही. कशाला घाबरवायचं?

फेटलिंगवाला · १४ जून, दुपारी ३:४०

दादा, ती आधीच घाबरलीत. तुम्ही बिल घेऊन येताना तुमचं तोंड बघतात ना ती. सांगितलेलं वाईट परवडतं, तर्क करून काढलेलं परवडत नाही.

सिस्टर_नाईट · १५ जून, पहाटे ४:५०

ड्युटी संपवून लिहिते आहे, चुका सांभाळून घ्या. कोविड वॉर्डला आहे, हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही.

गेल्या वर्षी २२ मार्चला टाळ्या झाल्या, थाळ्या झाल्या. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पीपीई घातल्यावर पाणी नाही, बाथरूम नाही, घाम घोट्यापर्यंत उतरतो, तेव्हा टाळ्या आठवत नाहीत. तेव्हा फक्त एक गोष्ट हवी असते, आपल्याला सोडवायला कोण येणार आणि किती वाजता. आमच्या एका इन्चार्ज सिस्टरने हे ओळखलं. तिने दाराच्या काचेवर आतून वाचता येईल असा कागद लावला, कोणाची सुटका किती वाजता आणि बदली कोण. वेळ टळली तर ती स्वतः पीपीई घालून आत यायची. भिंतीवर समुपदेशनाचं पोस्टर होतं, नंबरही होता. आम्ही वाचायचो तो कागद.

दुसरं, जोडी. एकटीने आत जायचं नाही. पीपीई चढवताना-उतरवताना एकमेकीकडे बघायचं, आणि बाहेर आल्यावर जोडीदारणीला 'आज काय झालं' हे एकदा तरी विचारायचं. उत्तर नाही दिलं तरी चालेल. काही रात्री आम्ही दोघी पार्किंगमध्ये नुसत्या चहा पीत उभ्या राहिलोय.

ताई, तुमच्या मोबाइलच्या प्रश्नावर. आमचेही मोबाइल आत नेता येत नाहीत. बाहेर एक मामा बसतात, सगळ्यांचे फोन त्यांच्याकडे. आमच्या घरी त्यांचाच नंबर दिलाय. खरंच गरजेचा फोन आला तर ते काचेवर टकटक करतात. टकटक झाली नाही म्हणजे घरी सगळं ठीक. हे कळायला लागल्यापासून आत लक्ष लागतं.

टाईमऑफिस · १५ जून, सकाळी ९:१५

सिस्टर, हे मी आजच करते. धन्यवाद तर म्हणतेच, पण आधी झोपा.

मनमोकळं · १५ जून, रात्री ८:४५

मी समुपदेशक आहे. दोन-तीन गोष्टी स्पष्ट करते, कारण धाग्यात बरंच नेमकं आलंय.

तीनदा बोअर मापणारे ऑपरेटर आळशी नाहीत आणि वेडेही नाहीत. थोड्या ताणाने काम धारदार होतं, एका मर्यादेपलीकडे तोच ताण लक्ष खातो, हे यर्कीज आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ साली प्रयोगातून मांडलं आणि काम जितकं बारकाईचं तितकी ती मर्यादा लवकर येते. काळजी डोक्यातली जागा अडवते, मग आत्ता वाचलेलं माप लक्षात राहत नाही. अशा माणसाला काही आठवडे कमी बारकाईचं काम द्या, पगार तोच ठेवा आणि मुख्य म्हणजे आधी त्याला विचारा. न विचारता हलवलंत तर त्याला ती शिक्षा वाटेल.

ओव्हरटाइमकडे लक्ष ठेवा. निम्मी माणसं रजेवर असली की उरलेली डबल करतात आणि आपण त्यांना 'निष्ठावान' म्हणतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी गेल्याच महिन्यात अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांमध्ये, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. आपल्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याचे ४८ तास १९४८ पासून लिहिलेले आहेत, ते उगाच नाहीत.

'बर्नआऊट' हल्ली कोणीही कशालाही म्हणतं. २०१९ ला मंजूर झालेल्या आंतरराष्ट्रीय आजार-वर्गीकरणात तो आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून नोंदवलाय. गळून जाणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. कामातून आलेलं असेल तर उपायही कामातच करावा लागतो, फक्त माणसावर नाही.

आणि हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. ह्या दोन महिन्यांत खूप लोकांनी घरची माणसं गमावली आणि त्यांना मयताला चार खांदेकरी मिळाले नाहीत. रक्षाविसर्जनाला भावकी नाही, दिवसांना माणसं नाहीत. आठव्या दिवशी माणूस पंच करून कामावर हजर, आणि सगळे त्याच्याशी मुद्दाम मशीनविषयी बोलतात. त्याच्याशी गेलेल्या माणसाविषयी बोला. नाव घेऊन बोला. दोन मिनिटं पुरतात.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल, जगण्यात राम वाटत नसेल तर मात्र गप्पांवर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा. केंद्र सरकारची 'किरण' हेल्पलाइन आहे, १८००-५९९-००१९, मराठीतही बोलता येतं. लेथवाले दादा, रात्री तीनची जाग तुमच्यासाठीही यात मोजते आहे.

लेथ_आणि_हप्ते · १५ जून, रात्री ९:३०

वाचलं. बघतो.

पीएफ_ईएसआय · १६ जून, सकाळी ११:००

भावनांचं तुम्ही बघा, मी पैशाचं सांगतो, कारण निम्मा ताण तिथे आहे. पगार महिन्याला २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय लागू, कंत्राटी कामगारालासुद्धा. आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात, फक्त आधीच्या मुदतीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे आणि सर्टिफिकेट वेळेत. पॉझिटिव्ह आलेल्या कित्येकांनी क्लेमच केला नाही, त्यांना वाटलं बिनपगारी. पीएफमधनं कोविड ॲडव्हान्स गेल्या वर्षी ज्यांनी उचलला, त्यांना ३१ मेपासून दुसऱ्यांदाही उचलता येतो. तीन महिन्यांचं बेसिक आणि डीए (महागाई भत्ता), किंवा शिल्लकीच्या ७५ टक्के, जे कमी असेल ते. परत भरायचा नाही. पण म्हातारपणाचे पैसे आहेत, हौसेने काढू नका.

टाईमऑफिस, हे तुमच्या नोटीस बोर्डावर लावा. प्राणायामापेक्षा जास्त श्वास मोकळा होईल.

पहाटफेरी · १६ जून, दुपारी १२:३०

सगळे प्राणायामाच्या मागे का लागलात? विद्यापीठात फिरायला जाणं बंद झालं तेव्हा मला बीपीची गोळी वाढवावी लागली. गच्चीवर फेऱ्या आणि सावकाश श्वास सोडणं सुरू केलं, झोप लागायला लागली. घेताना चार मोजा, सोडताना सहा. फुकट आहे, करून बघा.

टाईमऑफिस · १६ जून, दुपारी १:४५

काका, श्वासाला विरोध नाही! तो कंपनीने पगारवाढीच्या जागी दिला की विरोध आहे. चार-सहा मीही करून बघते.

टाईमऑफिस · ३१ जुलै २०२१, रात्री १०:१०

धागा वर काढते, काय झालं ते सांगायला. मध्ये पूर येऊन गेला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५६ फुटांच्या वर गेली, हायवेवर पाणी, २०१९ चं सगळं परत. साथ कमी होती म्हणून हे.

सेशन झालं. फोटोही निघाले. साहेब खूश.

खरं काम दुसरंच झालं. टाईम ऑफिसचा नंबर सगळ्यांच्या घरी दिला, फोन आला की माझा शिपाई मशीनपाशी जाऊन सांगतो. पहिल्या आठवड्यात फोनांचा पाऊस. "येताना दही आणायला सांगा" असेही आले, तेही पोचवले. नंतर कमी झाले. बाथरूमच्या फेऱ्या आपोआप थांबल्या. रोज संध्याकाळी ५ वाजता गेटजवळच्या फळ्यावर उद्याचं लिहायला लागले. पुरात त्याचा खरा उपयोग झाला. पहाटे चारला बस येणार की नाही म्हणून कोणी स्टॉपवर भिजत उभं राहिलं नाही. पगार ७ तारखेच्या आत द्यायचा कायदाच आहे, पण तारीख फळ्यावर आधी दिसली की माणूस किराणावाल्याशी ताठ मानेने बोलतो, हे मला एका हेल्परने सांगितलं.

साहेबांशी एकदा वाजलं. ऑर्डर कमी झाल्याचं फळ्यावर लिहू का, ते म्हणाले नको. मी म्हटलं, डिस्पॅचची गाडी रोज निम्मी रिकामी जाते, ती सगळे बघतात. लिहिलं. एकानेही काम सोडलं नाही. रिजेक्शन उतरलंय, पण श्रेय फळ्याचं की साथ ओसरली त्याचं, मी दावा करणार नाही.

ऑपरेटरची आई वाचली. ते आता इन्स्पेक्शनला आहेत, त्यांनीच मागून घेतलं.

लेथ_आणि_हप्ते · ३१ जुलै, रात्री १०:४०

पोरांना सांगितलं ताई, काम किती हातात आहे ते. एक जण म्हणाला, "मालक, आम्हाला वाटलं तुम्ही दुकान विकताय." पूर ओसरल्यावर गाळ काढायला सगळी न बोलावता आली. डॉक्टरांकडेही जाऊन आलो. एवढंच.

रेंजशोधक_पाटील · १९ नोव्हेंबर २०२२, दुपारी ४:२०

जुना धागा वर आणतोय, माफी. हेल्पलाइनचं एक सांगायचं होतं. १० ऑक्टोबरपासून केंद्राची 'टेलिमानस' सुरू झाली आहे, नंबर १४४१६, लक्षात ठेवायलाही सोपा. मी परत हिंजवडीत. इथे डेअरी नाही, त्यामुळे संध्याकाळी परत वांदे.

फेटलिंगवाला · १९ नोव्हेंबर २०२२, सायंकाळी ६:०५

पाटील, एखादं म्हसरू घेऊन जा की तिकडं!

ताई, तुमच्या फळ्याचा नमुना टाका ना इथे. आमच्याकडे नवीन मॅनेजर आलेत, त्यांना दाखवतो.

टाईमऑफिस · २० नोव्हेंबर २०२२, सकाळी १०:३०

घ्या. अजून चालू आहे. पाच ओळी, जास्त लिहिलं की कोणी वाचत नाही.

उद्या बस : वेळेवर / उशिरा / नाही
उद्या कुठली मशीन बंद आणि त्यावरची माणसं कुठे
पगाराची तारीख
ह्या महिन्याच्या ऑर्डरी : गेल्या महिन्याएवढ्या / कमी / जास्त
काल विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर (माहीत नसेल तर 'अजून कळलं नाही' असंच लिहायचं)

खडूचे पैसे मात्र पहिल्या दिवसापासून कंपनीच्या खात्यावर टाका. माझे अजून पेटी कॅशमधून मंजूर व्हायचेत.